ताटातलं पाणी

"शी, अप्पा! माणसं जेवायलीत की इथं," असं मी म्हटलं आणि माझ्या वडिलांच्या ओठाला लावलेलं ताट ओढून घेतलं. निम्मं पाणी त्यांच्या पोटात गेलं होतं, निम्मं सदऱ्यावर सांडलं. सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या चांदीच्या डबीत त्यांचं इष्टलिंग असतं. बरोबर तिथंच आमटीच्या पाण्याचा पिवळट डाग पसरत गेला. अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचे दोन्ही हात ताट धरल्यासारखे घटकाभर तसेच वर राहिले, मग मांडीवर आले. पंगतीला अप्पा धरून आठ माणसं. माझ्या नवऱ्याचा, विजयसिंहचा, मामेभाऊ अमरसिंह म्हणाला, "असू दे की वहिनी, म्हातारं माणूस हाय." चांगल्या मनानं म्हणाला, म्हणूनच ते जास्त झोंबलं. त्याची बायको संयोगिता तोंडाला पदर लावून बेसिनकडं पळाली होती आणि तिच्या उमाशांचे आवाज सगळ्यांना ऐकू येत होते. विजयसिंहनं मान खाली घालून मटणाची नळी चोखायला घेतली. अप्पा भिंतीला हात लावून उठले, आपल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. मी ते काशाचं ताट धरून मधोमध उभी. माझ्या बोटांवरून पाणी ओघळत होतं आणि कुणीतरी मागून सांगत होतं, वहिनी, पांढरा रस्सा आणा, पांढरा संपला.

आता तीन वाजून गेलेत. पावणं पन्हाळ्याला गेली, धुकं बघायला आणि भाजलेली कणसं खायला. विजयसिंह त्यांच्याबरोबर गाडी घेऊन गेला. आखाडातला शेवटचा रविवार म्हटल्यावर मटण झालंच पाहिजे, कोल्हापुरात राहून त्याबद्दल वाद घालायचा नसतो. भांडीवाल्या बनाबाईला रविवारची सुट्टी मीच देते. म्हणजे घरात मी, लोटलेल्या दाराआड अप्पा आणि ओट्याखालपर्यंत उतरलेली ही भांडी. सिंक भरलंय, सिंकशेजारचा ओटा भरलाय, खाली फरशीवर दोन पातेली आणि कुकर. खिडकी उघडी असून वास हलत नाही. तांबड्याचा, कांद्याचा, उकडलेल्या चरबीचा, आणि त्या सगळ्यात मिसळलेला माणसांच्या तोंडाचा. भांड्यांना तोंडाचा वास येतो, हे कुणी बोलत नाही, पण जी बाई रोज भांडी घासते तिला विचारा. मला आत्ता तो नाकात नाही, टाळूला लागतोय. दोनदा थुंकून आले.

मला सगळ्यात किळस कशाची येते सांगू? हाडांची नाही येत. हाड म्हणजे हाड, उचलायचं, टाकायचं. चोखून टाकलेल्या लिंबाचीही नाही. मला किळस येते ताटात धुतलेल्या हाताची. जेवण झालं की गडी मांडी न हलवता पेला उचलतो आणि ताटातच बोटांवर पाणी ओततो. खाली भात असतो, तांबड्याचा तवंग असतो, अर्धी भाकरी असते, सगळं त्या पाण्यात भिजतं. बोटं चोळतो, एकेक, सावकाश, नखातलं काढतो. आणि अमरसिंह तर चूळसुद्धा ताटातच भरतो, त्याचे वडीलही भरायचे. मग ताट दोन बोटांनी पुढं सरकवतो आणि ढेकर देतो. ते ताट कुणीतरी उचलायचं असतं. ते उचलताना कितीही जपा, अंगठा त्या पाण्यात बुडतोच. चोवीस वर्षं माझा अंगठा त्यात बुडतोय. आता थंड होऊन त्यावर चरबीच्या पांढऱ्या कवड्या धरल्यात, शितं फुगून अळीएवढी झालीत, मध्ये कुणाचा तरी केस. या पाण्याची कुणाला ओकारी आली नाही. संयोगितानंसुद्धा बेसिनवरून आल्यावर पुन्हा बसून चार घास खाल्ले आणि आपला हात ताटातच धुतला, अंगठ्या काढून, अगदी निगुतीनं.

तशी भांडी घासण्यात मला कुणी हरवून दाखवावं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेच्या नळ्या धुण्यात घालवलीत, भांडी हा त्यातलाच प्रकार. खरकटं ओलं व्हायच्या आत बादलीत काढायचं. तेलकट भांडं आधी वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं, निम्मी घाण कागदावर जाते आणि घासणी चिकट होत नाही. मग एका घमेल्यात कढत पाणी आणि साबण. पहिल्यांदा पेले, मग चमचे आणि वाट्या, मग ताटं, सगळ्यात शेवटी पातेली आणि कुकर, म्हणजे स्वच्छ भांड्याला घाणेरड्याचं पाणी लागत नाही. दुधाचं आणि पिठाचं भांडं मात्र गार पाण्यात, कढत पाण्यानं ते चिकटून बसतं. नळ सोडून ठेवायचा नाही. विसळायला दुसरं घमेलं, त्यातलं पाणी गढूळ झालं की ओतून नवं. आठ माणसांची भांडी मी पाऊण तासात पालथी घालते. बनाबाईला हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, ती आपली नळ मोकळा सोडते आणि सगळ्याला एकच हात फिरवते. विजयसिंह म्हणतो, मशीन घेऊया की, आता सगळी घेतात. तो ताटात हात धुऊन मशीनबद्दल बोलतो. मशीनमध्ये ताट ठेवायच्या आधी ते कुणीतरी रिकामं करायचं असतं, हे त्याच्या गावीही नसतं.

आज मात्र तास होत आला आणि मी तिसऱ्याच पेल्यावर आहे. पेला धुते, उजेडात धरते, पुन्हा धुते. कान अप्पांच्या दाराकडं. आत काही हालचाल नाही. रेडिओ नाही, खोकला नाही. मी जाऊन दार ढकलायला हवं होतं, पाय धरायला हवे होते, ते सोडून मी ओलं फडकं खांद्यावर टाकून भांडी घासतेय, कारण भांडी तरी मला येतात.

आम्ही लिंगायत. अप्पांना नवव्या वर्षी दीक्षा मिळाली. त्यांच्या स्वामींनी सांगितलं, ताटात आलेला कण न् कण प्रसाद आहे, तो टाकायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट सगळीकडून निपटायचं आणि ते पाणी प्यायचं. मग आणखी थोडं पाणी घालायचं आणि तेही प्यायचं. आज अप्पांचं वय एकोणऐंशी. सत्तर वर्षांत एकदाही त्यांच्या ताटात शीत उरलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत नाही, दवाखान्यात नाही, ताप असताना नाही. म्हणून ते वाढून घेतानाच कमी घेतात. वाढणाऱ्यानं वाकलं की तळहात आडवा धरून "साकु" म्हणतात, पुरे. आमचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. अव्वा, माझी आई, अप्पांचं ताट घासायला कधी बसलीच नाही, राखेचा हात फिरवायचा आणि कोनाड्यात उभं करायचं. चार माणसांची भांडी दोन तांबे पाण्यात व्हायची. आम्ही पोरंही तसंच प्यायचो. मला त्या पाण्याची चव अजून आठवते. पहिलं पाणी आमटीचं असतं, जरा खारट, तळाला मोहरी येते. दुसऱ्या पाण्याला नुसती काशाची चव. ते पिऊन झालं की अप्पा आमच्या ताटात बघायचे आणि मान हलवायचे. तेवढ्यासाठी मी बिगीबिगी जेवायची.

आणि मग मी कोल्हापूरला वसतिगृहात आले, अकरावीला. पहिल्या दिवशी मेसमध्ये जेवण झालं, मी ताटात पाणी घातलं, बोट फिरवलं, प्यायले. समोर इचलकरंजीची एक मुलगी होती. तिनं आपलं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलाला जाऊन बसली. बस्, एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी मी चार शितं मुद्दाम ताटात ठेवली आणि सगळ्या मुली करायच्या तसं त्यांच्यावर हात धुतला. छाती धडधडत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी धडधडलं नाही. सुट्टीत घरी गेले की मी पुन्हा अप्पांच्या शेजारी बसून ताट धुऊन प्यायचे, आणि अप्पा मान हलवायचे. ही लबाडी मी सहा वर्षं केली. मग विजयसिंहशी लग्न केलं, मराठ्याच्या घरात, मटण खाणाऱ्या घरात आले, आणि लबाडीची गरजच संपली. अप्पा माझ्याशी सहा वर्षं बोलले नाहीत. सातव्या वर्षी अव्वा त्यांना हाताला धरून घेऊन आली. ते आले, पाणी प्यायले, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. मी अजून मटण खात नाही. रांधते, वाढते आणि घासते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी अप्पा गावाकडच्या न्हाणीत घसरून पडले. अव्वा जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नाही. दीड दिवस तसेच पडून होते. दूध घालणाऱ्या बाईनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीतून बघितलं. डॉक्टर मला म्हणाले, बाई, यावेळी निभावलं, पुन्हा एकटं ठेवलंत तर मला बोलवू नका. तेव्हा मी त्यांना इथं आणलं. आणलं म्हणजे काय, वाद घातला, रडले, शेवटी विजयसिंहनं जाऊन त्यांची ट्रंक उचलली. ट्रंकेत दोन धोतरं, विभूतीचा गोळा आणि ते काशाचं ताट. मी ओट्याच्या वर वेगळी फळी केली. हिरवी घासणी आमची, काथ्याची शेंडी अप्पांची, एकमेकींना लागू द्यायची नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार घरात मटण असतं, त्या दिवशी अप्पा बारालाच खोलीत जेवून घ्यायचे. ताट स्वतः आणून फळीवर ठेवायचे, लख्ख. नऊ महिने कुणाला कळलंसुद्धा नाही ते ताट धुऊन काय करतात. मी कळू दिलं नाही. आज पावणं लवकर आली, माझी गडबड झाली, अप्पांचं जेवण राहिलं, आणि अमरसिंहनं त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. "अप्पा, एकटं काय जेवतासा? आमच्यासंगं बसा की." मी तेव्हाच काहीतरी निमित्त काढायला हवं होतं. मला पुढचं दिसत होतं. मी रस्सा ढवळत राहिले.

दाराचा आवाज झाला. अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. दुसरा सदरा घातला होता, हातात पिळलेला जुना सदरा आणि तांब्या. "दानव्वा, हे वाळत घाल," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच. दानेश्वरी हे माझं नाव, दानव्वा म्हणणारं आता एकच माणूस उरलंय. मी हात पुसून सदरा घेतला. डाग निघाला नव्हता. मी तांब्या घ्यायला हात पुढं केला, पण अप्पांनी तांब्या दिला नाही. ते माझ्या मागं बघत होते. मी वळून बघितलं. सिंकमध्ये, चार स्टीलच्या ताटांच्या खाली, त्या तांबड्या पाण्यात काशाची कड दिसत होती. पांढरा आणायला पळताना मीच टाकलं असणार. त्यावर बाकीच्यांची ताटं येऊन पडली. कडेवर एक चोखलेलं हाड आडवं झालं होतं, आणि चरबीची कवडी हळूहळू फिरत कडेला येऊन चिकटली.

"अप्पा, मला ध्यानातच आलं न्हाई," मी म्हटलं. "मी धुते. चिंचेनं धुते, राखेनं..."

"राख कुठली इथं," अप्पा म्हणाले. चिडून नाही, खरंच राख नसते म्हणून. त्यांनी फिल्टरमधून स्वतः तांब्या भरला. भरेपर्यंत दोघंही त्या धारेकडं बघत राहिलो. मग ते म्हणाले, "गडहिंग्लजची सकाळची गाडी सातला हाय न्हवं?"

"कशाला?"

"जाऊन येतो. कौलं गळत असतील. पावसात घर बंद ऱ्हायलं की वाळवी लागती."

"जाऊन येतो, का जातो?"

अप्पांनी तांब्याची कड सदऱ्याला पुसली. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला. माझे हात ओले होते आणि चिकट, ते त्यांना कळलं असणार, पण त्यांनी दंड काढून घेतला नाही. "अप्पा, तिथं कोण हाय? पडला तर कोण बघणार? मला माफ करा. माझं चुकलं. माणसं होती म्हणून तोंडातून गेलं." अप्पा म्हणाले, "माणसं होती, व्हय. माझंच चुकलं. दुसऱ्याच्या घरात बसताना इचार करायला पायजे." आणि तांब्या घेऊन गेले. दुसऱ्याच्या घरात. नऊ महिन्यांत त्यांनी हे घर दुसऱ्याचं म्हटलं नव्हतं, आज त्यांना ते मी शिकवलं.

मी सगळी भांडी बाजूला सारली. पद्धत गेली खड्ड्यात. काशाचं ताट वर काढलं, ते बुळबुळीत झालं होतं, हातातून निसटलं, पुन्हा धरलं. कढत पाणी ओतलं. साबण लावला. चिंच कोळली, मीठ घेतलं, काथ्यानं घासलं, विसळलं, नाकाशी धरलं. वास येत होता. पुन्हा घासलं. नऊ वेळा घासलं, मोजून नऊ, आणि दर वेळी नाकाशी धरलं की तोच वास. शेवटी मी माझाच हात हुंगला. वास ताटाला नव्हताच, माझ्या बोटांना होता, नखांच्या कडांना. मी हातसुद्धा चिंचेनं घासले. तरीही ताट खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा खाली ठेवलं. त्यात अप्पांना वाढणं शक्य नव्हतं. ते जेवले असते, काही न बोलता जेवले असते, आणि तेच मला सोसलं नसतं. मी ते पुसून फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.

मला खरंच शिसारी आली होती का? दुपारी, अप्पांनी ताट तोंडाला लावलं तेव्हा? मी ओट्याला टेकून हेच आठवत बसले. नव्हती आली. मी देवाशपथ सांगते, नव्हती आली. मला ते पाणी माहीत आहे, ते मी प्यायलेलं आहे. अव्वा शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा तिला दोन घासांच्या वर जायचं नाही. उरलेली पेज अप्पा खायचे, तिच्याच चमच्यानं. मग तिचं ताट धुऊन ते पाणी प्यायचे. पेजेत कधी तिचा खोकला पडलेला असायचा. नर्स तोंड फिरवायची. मी शेजारी स्टुलावर बसून बघायची आणि मला वाटायचं, माझं कुणी इतकं कधी करणार नाही. तेव्हा किळस नाही आली, मग आज कशी येईल? आज मला लाज वाटली. संयोगितानं पदर लावला आणि मला इचलकरंजीची ती मुलगी दिसली, ताट उचलून जाणारी. चाळिशी उलटून किती वर्षं झाली, तरी मी अजून तिच्यासाठी शितं ठेवतेय. ते "शी" अप्पांना नव्हतं, त्या सात माणसांना ऐकवायचं होतं, की बघा, मी तुमच्यातली आहे. असल्या बाईची किळस यायला पाहिजे. मला आली. मी नळ मोकळा सोडला, बनाबाईसारखा, आणि उरलेली भांडी कशीतरी, कशाच्याही नंतर काहीही, घासून पालथी घातली.

साडेसहाला विजयसिंह आला. पावणं परस्पर गावाला गेली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय झालंय? तोंड का असं?" मी सांगितलं. अप्पा उद्या जातायत, आणि गेले तर परत त्यांना बघायला मला न्हाणीत जावं लागेल, असं सांगितलं. तो खुर्चीत बसला. "अगं, पण वरडलीस तू. मी काय बोललो काय? नऊ महिन्यात एक शबुद तरी बोललो?" खरं होतं. तो बोलला नव्हता, तो नळी चोखत होता. मला त्याचा राग आला आणि राग करायला जागा नव्हती. तोच उठून अप्पांच्या खोलीत गेला. मला बाहेर ऐकू येत होतं. "अप्पा, घर तुमचंच हाय. तुमी तुमचं करा की, कोण अडवतंय? अमऱ्याचं काय, आज हाय, उद्या न्हाई. जेवायला चला. उपाशी झोपलासा तर हिला झोप लागायची न्हाई." मग पाट सरकवल्याचा आवाज आला.

मी भात, आमटी आणि दोन ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. कपाटातून नवं स्टीलचं ताट काढलं, ज्याला कधी मटण लागलेलं नव्हतं. अप्पा बसले, ताटाकडं बघितलं, काशाचं कुठाय असं विचारलं नाही. त्यांच्या शेजारी विजयसिंह, दुपारचा रस्सा घेऊन न बसता त्यानंही आमटीच घेतली, एवढं भान त्याला होतं. मी अप्पांना भाकरी वाढली, आमटी वाढली. भात घेऊन वाकले आणि थांबले. तळहात आडवा आला नाही. मी एक चमचा वाढला. दुसरा वाढला. "साकु" आलं नाही. मी तिसरा वाढला, ते ताटाकडंच बघत होते. मला वाटलं, भूक लागली असेल, दुपारपासून पोटात काय आहे. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी समोर बसले. मी ठरवलं होतं, आज इथून हलायचं नाही. ते ताटात पाणी घालतील, बोट फिरवतील, पितील, विजयसिंह बघेल, मी बघेन. आणि दुसरं पाणी घातलं की मी म्हणेन, अप्पा, हे मला द्या. चोवीस वर्षांनी मी ते पिईन. त्यांनी मान हलवली की मिटलं.

अप्पा सावकाश जेवले. बाहेर पावसाची भुरभुर होती, विजयसिंह पन्हाळ्याच्या धुक्याचं काहीबाही सांगत होता, अप्पा हं हं म्हणत होते. मग त्यांचा हात थांबला. ताटात निम्मा भात होता, त्यावर आमटी, कडेला अर्धी भाकरी. मी वाट बघत होते, जरा दम खाऊन पुढं जेवतील. अप्पांनी पेला उचलला. मी पुढं सरकले. त्यांनी पेला तिरपा केला आणि बोटांवर पाणी ओतलं. भातावर. आमटी पातळ होऊन कडेपर्यंत आली. अप्पा बोटं चोळत होते, एकेक, जपून, नवीन काम शिकावं तसं, आणि मध्येच त्यांनी विजयसिंहच्या ताटाकडं बघितलं, तो कसा धुतो ते बघायला. मग उरलेलं पाणी ओठांना लावून चुळीसारखं केलं आणि तेही ताटात सोडलं. सत्तर वर्षांत जे झालं नव्हतं ते माझ्यासमोर झालं, आणि त्याला पेलाभरसुद्धा पाणी लागलं नाही.

"अप्पा?" मी म्हटलं.

"गाडीचं ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. धोतराच्या सोग्याला हात पुसले. "तिकडं तरी आता कोण हाय. ऱ्हातो हितंच."

"हां, हे बेस झालं," विजयसिंह म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, मिटलं बघ, अशा. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. अप्पा राहणार होते. त्यांनी दोन बोटांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

मी ते उचललं. अंगठा पाण्यात बुडाला. पाणी कोमट होतं, शितं वर आली होती, भाकरीचा तुकडा सुटून पसरला होता, आणि माझ्या पोटातून घशापर्यंत उमासा आला. या वेळी लाज नव्हती, खरीखुरी किळस होती. अप्पांच्या उष्ट्याची मला जन्मात कधी किळस आली नव्हती. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मी तोंड सरळ ठेवलं, उमासा गिळला आणि ताट घेऊन सिंककडं गेले.